शिशाची ओळ आणि पवनारचा छापखाना

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की आठेक किलोमीटरवर धाम नदी लागते. तिच्या काठच्या उंचवट्यावर पवनारचा आश्रम आहे. विनोबा १९३८ साली प्रकृती सुधारावी म्हणून इथल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले आणि हेच त्यांचे कायमचे ठिकाण झाले. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते इथूनच उठले. १९५१ साली तेलंगणाच्या वाटेवर इथूनच चालत निघाले आणि त्या वाटेवर भूदान जन्माला आले. २५ मार्च १९५९ रोजी याच जागी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, निर्णय सर्वसंमतीने घ्यावेत आणि पोटापुरते अंगमेहनतीने मिळवावे, ही त्यामागची कल्पना. शेती, गाई, स्वयंपाक, झाडलोट, सूतकताई ही कामे आश्रम म्हटला की मनात येतातच. पवनारच्या यादीत आणखी एक काम होते: छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवणे.

आश्रमातून निघणाऱ्या ‘मैत्री’ या हिंदी मासिकाची जुळणी भगिनी स्वतःच्या हाताने करत. ज्यांनी पूर्वायुष्यात छापखान्याचे तोंडही पाहिले नव्हते अशा बायकांनी खिळ्यांच्या केससमोर उभे राहून एकेक अक्षर उचलले, ओळी बांधल्या, मुद्रिते तपासली. विनोबांची पुस्तके काढणारे परंधाम प्रकाशनही इथलेच. मराठी छपाईचा इतिहास लिहिताना आपण मुंबई, पुणे आणि बंगालमधले श्रीरामपूर यांच्यावर थांबतो. पवनारचे नाव त्यात क्वचितच येते. मला मात्र वाटते, छपाई ही माणसाने हातांनी शिकावी अशी विद्या का आहे, हे समजायला पवनारइतकी चांगली जागा नाही.

या गावाचा अक्षरांशी संबंध फार जुना आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे आजचे पवनार असे मांडले, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने इथे उत्खननही केले. प्रवरपुराहून दिलेली दुसऱ्या प्रवरसेनाची दानपत्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. त्यांतली ब्राह्मी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी चौकोनी पेटी असते, म्हणून अभ्यासक तिला पेटिकाशीर्ष म्हणतात. कोरणाऱ्याने किती सावकाश, किती मोजून हात चालवला असेल ते त्या चौकोनांवरून कळते. पुढे दीड हजार वर्षांनी याच गावात पुन्हा धातूची अक्षरे हाताळली गेली. या वेळी ती शिशाची होती, आणि ती हाताळणारे हात राजाच्या कारागिराचे नव्हते.

आश्रमात छापखाना कशाला, असे आज कुणाला वाटेल. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत आहे. १९०४ साली गांधीजींनी दरबानजवळ फिनिक्सला वसाहत उभारली आणि ‘इंडियन ओपिनियन’ साप्ताहिकाचा छापखाना तिथे हलवला. पहिल्याच अंकाच्या रात्री तेलाचे इंजिन बंद पडले. मग हाताने फिरवायच्या चाकावर आळीपाळीने माणसे लागली, तिथेच झोपलेल्या सुतारांनाही उठवून मदतीला घेतले, आणि अंक वेळेवर निघाला. गांधीजींनी आत्मकथेत ही रात्र मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. वसाहतीतल्या प्रत्येकाने खिळे जुळवायला शिकावे असे तिथे ठरले. काम सोपे पण कंटाळवाणे, असे गांधीजींचे त्याबद्दलचे मत. ते स्वतः त्यात शेवटपर्यंत मागे राहिले आणि मगनलाल गांधी सगळ्यांच्या पुढे गेले. मगनलालांनी त्याआधी छापखान्यात कधी काम केले नव्हते. थोड्याच काळात ते उत्तम जुळारी झाले आणि छापखान्याची बाकीची अंगेही त्यांनी आत्मसात केली.

या मगनलालांचे नाव वर्धेकरांच्या रोजच्या तोंडी आहे, फक्त त्यामागचा जुळारी कुणाला आठवत नाही. वर्ध्याची मगनवाडी त्यांच्याच नावाची, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालयही त्यांच्याच स्मरणार्थ. फिनिक्सला घालून दिलेला धडा असा होता की लिहिणारा, जुळवणारा आणि यंत्र फिरवणारा यांच्यात उच्चनीच असू नये. पवनारच्या भगिनींनी केसपुढे उभे राहून तोच धडा गिरवला.

आता प्रत्यक्ष काम. जुळाऱ्यापुढे उतरत्या घोडीवर लाकडी केस असते. तिच्यात लहानमोठी घरे, आणि प्रत्येक घरात एकाच अक्षराचे खिळे. खिळा म्हणजे शिशाची बारीक उभी कांडी, वरच्या टोकाला उलटे अक्षर. नुसते शिसे मऊ पडते, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीमुळे खिळ्याला कठीणपणा येतो आणि साच्यातले बारीक कोपरेही नीट भरतात. पायापासून अक्षराच्या माथ्यापर्यंत खिळ्याची उंची सुमारे २३.३ मिलिमीटर. एखादा खिळा केसभर बुटका निघाला तरी त्याला शाई लागत नाही आणि पानावर ते अक्षर फिके उमटते.

डाव्या हातात स्टिक धरायची. ही धातूची, एका बाजूने उघडी पट्टी असते, आणि तिच्यात ओळीची रुंदी आधीच पक्की केलेली असते. उजव्या हाताने खिळा उचलायचा. त्याच्या अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळ्याची बाजू कळते, पाहावे लागत नाही. खिळे डावीकडून उजवीकडेच लावायचे, पण अक्षरे डोक्यावर उभी. नागरीत याचा अर्थ असा की शिरोरेषा खाली आणि उकार वर. पहिल्यांदा जुळवणाऱ्याला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात नक्की फरक कशात आहे ते तिथे नव्याने पाहावे लागते. आयुष्यभर वाचलेली अक्षरे आपण कधी नीट पाहिलीच नव्हती, हे त्या वेळी लक्षात येते.

इंग्रजी जुळाऱ्याचे काम त्या मानाने सरळ. त्याची अक्षरे एकापुढे एक बसतात. नागरी वर आणि खाली दोन्हीकडे पसरते. आपल्याकडे यावर दोन तोडगे निघाले. अखंड टाइपात अक्षर आणि त्याची मात्रा एकाच उंचीच्या खिळ्यांतून साधतात. त्यात काही खिळ्यांची मात्रा अंगाबाहेर लोंबते आणि शेजारच्या अक्षरावर टेकते. हे लोंबते टोक फार नाजूक, जरा दाब पडला की तुटते. दुसरा तोडगा डिग्री टाइपाचा. त्यात एकेक ओळ तीन थरांची. मधल्या थरात मूळ अक्षरे, वरच्या थरात मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खालच्या थरात उकार.

‘पूर्वेकडून’ हा शब्द घ्या. मधल्या थरात प, व, क, ड, न. वरच्या थरात ‘व’च्या डोक्यावर रफार आणि मात्रा. खालच्या थरात ‘प’ आणि ‘ड’ यांच्या पायाशी ऊकार. एवढ्यावर काम संपत नाही. वरच्या थरात ‘प’वर काही नाही, तर तिथे ‘प’च्याच रुंदीचा कोरा तुकडा घालावा लागतो, नाहीतर मात्रा घसरून भलत्याच अक्षरावर जाईल. ‘क’, ‘ड’, ‘न’ यांच्या डोक्यावरही कोरे तुकडे. खाली ‘व’, ‘क’ आणि ‘न’ यांच्या पायाशीही तसेच. म्हणजे न छापल्या जाणाऱ्या जागेसाठीही तितकेच शिसे आणि तितकेच श्रम. शिवाय ‘रु’ आणि ‘रू’ यांना वेगळे खिळे, अर्धी अक्षरे वेगळी, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ वेगळे, आणि ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’ यांसारख्या जोडाक्षरांची स्वतःची घरे. इंग्रजीला दोन केसा पुरतात. नागरीला चार केसांमध्ये कित्येकशे घरे लागत, आणि ती सगळी जुळाऱ्याला पाठ असत. ‘ब्रह्मविद्या’ हे आश्रमाचे नाव जुळवायलाच हात चार दिशांना जातो.

ओळ भरत आली की ती दोन्ही कडांना घट्ट बसवायची. इंग्रजीत गरज पडली तर अक्षराअक्षरांत बारीक फट टाकून शब्द ताणता येतो. मराठीत ती सोय नाही, कारण फट पडली की शिरोरेषा तुटते. म्हणून जी काही ओढाताण करायची ती शब्दांच्या मधल्या जागांतच. लांब शब्दांच्या ओळीत मोठी भगदाडे पडतात, ती याच कारणाने. चांगला जुळारी अशा वेळी मागची ओळ सोडवून एखादा शब्द वर ओढून घेतो. जुन्या मराठी पुस्तकांत पानभर एकसारखी करडी छटा दिसली, तर त्यामागे अशा शेकडो लहान दुरुस्त्या असतात. आज पडद्यावर आपण एक कळ दाबून दोन्ही कडा सरळ करतो आणि मधली भगदाडे तशीच सोडून देतो. हे मला खरोखर खटकते.

जुळलेल्या ओळी गॅली नावाच्या तबकात सरकवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, रूळ फिरवून एक प्रूफ काढायचे. मग चिमट्याने चुकीचा खिळा उपसून दुसरा बसवायचा. एखादा शब्दच राहून गेला असेल, तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी पुढे ढकलाव्या लागतात. लेखकाने मुद्रितावर सहज केलेली एक खूण जुळाऱ्याचा तासभर खाते. ज्या लेखकाने एकदा स्वतः खिळे जुळवले आहेत तो हस्तलिखित अधिक काळजीने लिहील. लोकमान्यांच्या पिढीला हे ठाऊक होते. आर्यभूषण छापखाना उभा करताना टिळक, आगरकर, चिपळूणकर या मंडळींनी टाइपाच्या केसा स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा.

छापताना पान चौकटीत आवळतात आणि ट्रेडलवर चढवतात. पायाने पेडल मारले की चाक फिरते, शाईचे रूळ अक्षरांवरून जातात, आणि कागद लावलेला पाट खिळ्यांवर मिटतो. तो मिटण्याआधी एक कागद काढून दुसरा ठेवायचा. शिकणाऱ्याने इथे घाई करू नये, बोटे सापडतात. कुठे दाब कमी पडला तर मागच्या बाजूने पातळ कागदाचे तुकडे चिकटवून तो भरून काढतात. हे काम तासन्‌तास चालू शकते. जुन्या मुद्रकांच्या मते कागदाच्या पाठीवर हात फिरवला तर काहीही लागता कामा नये. हल्ली हौसेने छापणारे उलट खोल रुतलेले अक्षर मागतात, कारण तेच ‘हातचे’ वाटते. मी जुन्यांच्या बाजूचा आहे. खोल दाबाने खिळे झिजतात, आणि झिजलेल्या शिरोरेषेला जागोजाग खिंडारे पडतात.

शाईची गोष्ट तर विदर्भाच्या शेतातली आहे. छपाईची पारंपरिक शाई पाण्यात कालवलेली नसते, कारण पाणी शिशावर ठरत नाही. ती असते उकळून दाट केलेल्या जवसाच्या तेलात घोटलेले काजळ. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून छापलेले अक्षर पुसले जात नाही. वऱ्हाड-नागपूर पट्ट्यात जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो आणि इथल्या घरांत त्याची चटणी रोजच्या जेवणात असते. कागदही जवळचाच. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत हातकागदाचे काम चालवले आणि संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी आपल्या लेखनासाठी हाच कागद वापरला. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर छापताना तो आधी किंचित दमट केला तर शाई सारखी धरते.

एवढे सगळे हाताने करणाऱ्यांना लिपीच्या अडचणी कागदावरच्या राहिल्या नाहीत. मराठीतल्या लिपीसुधारणेच्या चळवळीमागे जुळाऱ्याचा हात आहे, असे माझे ठाम मत आहे. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयोग केले. सावरकरांनी अ ची बाराखडी पुढे आणली. इ, ई, उ, ए यांना वेगळे खिळे कशाला, अ ला वेलांटी, उकार, मात्रा लावून ‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अे’ लिहा, असे त्यांचे म्हणणे. विनोबांनीही आपली लोकनागरी याच दिशेने आखली. स्वर अ वरून साधायचे, आणि जोडाक्षरांचे ओझे पाय मोडून हलके करायचे. जुने विनोबा साहित्य हाताळणाऱ्या वाचकाला ही अक्षरे आधी अडखळवतात, मग सवयीची होतात. १९५३ साली लखनौच्या लिपीसुधारणा परिषदेने ह्रस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेला, तो लोकांनी स्वीकारला नाही आणि १९५७ साली मागे घ्यावा लागला. विनोबा पुढे एका वेगळ्या मुद्द्यावर आले: अक्षरांची मोडतोड करण्यापेक्षा भारतातल्या सगळ्या भाषांनी आपापल्या लिपीच्या जोडीला नागरीही वापरावी. १९७५ साली नागरी लिपी परिषद त्यांच्याच प्रेरणेने निघाली.

यंत्रासाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद संगणकाने मिटवला. आज ह्रस्व इकार आपण व्यंजनानंतर टंकतो आणि पडद्यावर तो आपोआप डावीकडे जातो. खिळ्यात तो हाताने आधी लावावा लागे. र. कृ. जोशींसारख्या अक्षरकाराने ‘मंगल’ हा फाँट केला तेव्हा जोडाक्षरांच्या घरांची चिंता उरली नव्हती. पण त्या फाँटांमागे कुणाची नजर आहे हे विसरू नये. जावजी दादाजींनी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासण्याचे काम केले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरे कोरली. पोलादी ठसा तांब्यात ठोकायचा, त्या तांब्याच्या साच्यात शिसे ओतायचे, आणि हजारो सारखे खिळे पाडायचे. काशीपर्यंतचे पंडित निर्णयसागरच्या पोथ्या मागवत, त्यात शुद्ध पाठाइतकाच आरूंच्या वळणाचा वाटा होता.

छापून झाले की उरते ते काम कुणीच रंगवून सांगत नाही. पान धुवायचे, दोरा सोडायचा, आणि प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरात टाकायचा. उद्याची ओळ आजच्या या कामावर अवलंबून असते. ‘ब’च्या घरात एक ‘व’ पडला, तर उद्याच्या पानात चूक ठरलेली. अंक हातात आल्याचा आनंद झालेला असतो, पाय दुखत असतात, आणि तरीही शेकडो खिळे ओळखून परत ठेवायचे. सामूहिक जीवनाची खरी परीक्षा मला या कामात दिसते. जुळवणारी एक आणि सोडवणारी दुसरी असेल, तर एकीच्या निष्काळजीपणाचा त्रास दुसरीला होतो. आश्रमातल्या भगिनींनी हे वर्षानुवर्षे केले. गीतेतला कर्मयोग मराठीत आणणाऱ्या ‘गीताई’चा कर्ता ज्या अंगणात वावरला, तिथे हे घडावे यात मला नवल वाटत नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ऑफसेट आणि संगणकी जुळणी आली आणि गावोगावचे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. शिसे वितळवून त्याचे दुसरे काही झाले. जुळाऱ्यांनी दुसरे धंदे धरले. त्यांच्या हातातला घरांचा नकाशा मात्र सहसा कुणी उतरवून घेतला नाही. बापूराव नाईकांचा १९७१ साली निघालेला ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ आहे म्हणून बरेच काही वाचले. तो इंग्रजीत आहे, आणि त्याच तोडीचे काम मराठीत व्हायला हवे होते.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी मोठा बेत आखू नये. एक स्टिक, एका टाइपाच्या केसा, लहान ट्रेडल किंवा नुसता प्रूफ काढायचा रूळ असला तरी पुरे. पहिल्या दिवशी आपल्या गावाचे नाव जुळवा. दुसऱ्या दिवशी चार ओळींचे निमंत्रण. तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी मिळून एक पान, आणि ज्याने जुळवले त्यानेच ते सोडवावे. खिळे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, शिशाची भुकटी उडवू नका, आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना या कामापासून लांब ठेवा.

आणि त्याआधी एक करा. तुमच्या तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणारा जुना छापखाना अजून असेल, निदान त्याचा वयस्कर जुळारी असेल. त्याच्याकडे जा, त्याला केससमोर उभे करा, आणि कोणत्या घरात कोणते अक्षर असे ते त्याच्याकडून कागदावर काढून घ्या. केसा विकायच्या म्हणत असतील तर भंगारवाल्याच्या आधी गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला कळवा.